डॅशनंतरचा आकडा

"काका, खजिना सापडलाय. बीटल्सची रिव्हॉल्व्हर, मोनो. एक्सईएक्स ६०६, आणि पुढे एक. मी स्वतः वाचलंय."

रात्री साडेदहाला शेजारच्या मुलाचा हा फोन आला. त्यांचा वाडा पुनर्विकासाला चाललाय, त्यामुळे माळे रिकामे करणं सुरू आहे. एका पत्र्याच्या ट्रंकेत त्याच्या धाकट्या आजोबांच्या, म्हणजे आजोबांच्या भावाच्या, रेकॉर्ड निघाल्या होत्या. हे धाकटे आजोबा डॉक्टर. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका इस्पितळात नोकरी करून परत आले, लग्न केलं नाही आणि जन्मभर गाणी ऐकली. "रिव्हॉल्व्हर बाजारात आली त्या दिवशी रांगेत उभं राहून घेतली" हा त्यांचा किस्सा घरात सगळ्यांना पाठ. मुलाने नेटवर थोडं वाचलं, तबकडीवरचे आकडे बघितले, किस्सा आणि आकडा एकमेकांना जुळले, आणि त्याची झोप उडाली.

खरं सांगायचं तर माझीही उडाली. कारण 'एक्सईएक्स ६०६-१' म्हणजे काय, हे मला त्याच्यापेक्षा जरा जास्त ठाऊक होतं.

बीटल्सची ही एलपी, 'रिव्हॉल्व्हर', इंग्लंडमध्ये ५ ऑगस्ट १९६६ रोजी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या 'पार्लोफोन' या छापाखाली आली. मोनो आवृत्तीचा क्रमांक पीएमसी ७००९, स्टीरिओचा पीसीएस ७००९. चौदा गाणी, दोन्ही बाजूंना सात-सात. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं 'टुमॉरो नेव्हर नोज'. गंमत अशी की अल्बममध्ये शेवटी असलेलं हे गाणं ध्वनिमुद्रणात सगळ्यात पहिलं होतं. ६ एप्रिल १९६६ला अ‍ॅबे रोडच्या स्टुडिओत काम सुरू झालं ते यानेच. त्यात टेपचे तुकडे गोल जोडून केलेले आवाज आहेत, आणि मिक्स करताना ते कधी वर आणायचे, कधी खाली न्यायचे, हे हाताने ठरत होतं. त्यामुळे एक मिक्स हुबेहूब दुसऱ्यासारखा होणं शक्यच नव्हतं. मोनोसाठी आधी अकरा क्रमांकाचा रीमिक्स, म्हणजे मिक्सचा अकरावा प्रयत्न, निवडला गेला आणि त्यावरून दुसऱ्या बाजूची पहिली लॅकर, म्हणजे जिच्यावर मूळ चर कोरतात ती तबकडी, कापली गेली. मग निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं मत बदललं आणि आठ क्रमांकाचा रीमिक्स घ्यायचं ठरलं. पण तोवर पहिल्या लॅकरवरून रेकॉर्ड निघालेल्या होत्या. त्या गेल्याच बाजारात. अकरावा रीमिक्स असलेल्या त्या तबकड्यांच्या दुसऱ्या बाजूवर एक्सईएक्स ६०६-१ असं लिहिलेलं असतं. नंतरच्यांवर डॅशपुढे २ किंवा ३. कव्हर तेच, लेबल त्याच रंगाचं, वजनही तेच. फरक त्या एका आकड्यात आणि शेवटच्या गाण्यात.

म्हणून फोनवर मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "एक नेमका कुठे लिहिलाय?"

"त्या चकचकीत पट्टीवर. लेबलच्या बाहेर."

"पट्टीवर कुठे? डॅशनंतर आहे का?"

"डॅश... थांबा हं. टॉर्च नाहीये आत्ता. पण एक आहे नक्की."

मी म्हटलं, उद्या सकाळी येतो. रेकॉर्ड पुसू नकोस.

इथे जरा थांबून त्या पट्टीवर काय काय असतं ते सांगायला हवं, कारण हे सगळं प्रकरण त्यावरच फिरलं. शेवटचं गाणं संपून सुई लेबलच्या दिशेने सरकते ती गुळगुळीत जागा म्हणजे संग्राहकांच्या भाषेत 'डेड वॅक्स'. (मेण जाऊन कित्येक दशकं झाली, शब्द राहिला.) तिथले आकडे तबकडी छापून झाल्यावर कोणी कोरत नाही. ते धातूच्या साच्यातूनच उमटतात. आधी टेपवरून लॅकरच्या मऊ थरावर चर कापला जातो. त्या लॅकरवर धातू चढवून उलटा साचा निघतो, तो मास्टर. मास्टरवरून सुलटी धातूची प्रत काढतात, ती मदर. मदरवरून पुन्हा उलटे साचे, ते स्टॅम्पर. स्टॅम्पर दाबयंत्रात बसतो आणि त्याच्याखाली विनाइलची रेकॉर्ड निघते. स्टॅम्पर झिजला की टाकायचा आणि मदरवरून नवा काढायचा. लॅकरच बदलावी लागली तर सगळी वंशावळ पहिल्यापासून.

ईएमआयच्या हेज इथल्या कारखान्यात या तिन्ही पिढ्यांची नोंद पट्टीवर तीन वेगळ्या जागी होत असे. मॅट्रिक्स क्रमांक खाली, म्हणजे घड्याळाच्या सहाच्या जागी: एक्सईएक्स ६०६, डॅश, आणि कितवी लॅकर तो आकडा. नऊच्या जागी मदरचा क्रमांक, साधा एक, दोन, तीन. तीनच्या जागी स्टॅम्परचा क्रमांक, पण अक्षरांत. 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातून दहा वेगळी अक्षरं घेतलेली: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. 'जीओ' दिसलं तर पंधरावा स्टॅम्पर, 'आरडी' असेल तर विसावा. कोणत्या कारकुनाच्या डोक्यातून हे निघालं देव जाणे, पण आपल्याकडे दुकानदार कापडाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत अक्षरांत लिहायचे, त्याच जातीचं हे.

घड्याळ धरायचं ते मात्र मॅट्रिक्स क्रमांकाच्या हिशेबाने, लेबलच्या नव्हे. लेबल दाबताना कसंही फिरलेलं असू शकतं. एक्सईएक्सचा आकडा आपल्या पोटाकडे, वाचता येईल असा घ्यायचा, मग डावीकडे नऊ आणि उजवीकडे तीन.

ओळख पटवायची ही अडचण रेकॉर्डच्या धंद्याइतकीच जुनी आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा मूळ तबकड्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिराला कुठली बाई काय गातेय हे कसं कळणार? म्हणून गाण्याच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. पुढे गाणाऱ्यांनी नाव सांगणं बंद केलं, आकड्यांनी सांगणं चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेसमोर बसलो. वर नाट्यगीतांच्या लाखेच्या तबकड्या, त्यातल्या दोन तडकलेल्या. त्याखाली कलकत्त्याजवळच्या डमडमला छापलेल्या काही एलपी. तळाशी एका चादरीत गुंडाळलेली रिव्हॉल्व्हर. क्लाउस फोरमानचं ते काळं-पांढरं चित्र, केसांच्या जंगलातून डोकावणारे चेहरे. कोपरे झिजलेले, पण कव्हर एकसंध. मागच्या बाजूला कडा वळवून वरून चिकटवलेल्या, त्या काळच्या इंग्लिश कव्हरची खूण.

कव्हरचा पुरावा मी फारसा मोजत नाही. पन्नास-साठ वर्षांत रेकॉर्ड आणि कव्हर यांची लग्नं कितीदा मोडतात आणि जुळतात. लेबल मात्र तबकडीपासून सुटत नाही, म्हणून ते नीट वाचलं. काळं लेबल, पिवळी अक्षरं. कडेच्या मजकुराची सुरुवात 'द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड' अशी. आधी तिथे 'द पार्लोफोन कंपनी लिमिटेड' असायचं, ते १९६५मध्ये बदललं. आणि मधे ती ओळ: ही तबकडी ब्रिटनमध्ये ठरावीक किमतीच्या अटीवर विकली जाते, दरपत्रक पाहा. ही ओळ १९६९मध्ये गेली. म्हणजे रेकॉर्ड इंग्लंडमध्ये छापलेली, १९६६ ते १९६९ या काळातली. इथपर्यंत कुठेच खोट नाही. पण इथून पुढे लेबल काहीही बोलत नाही. रांगेतल्या पहिल्या गिऱ्हाइकाला आणि तीन वर्षांनी घेणाऱ्याला हेच लेबल मिळालेलं असू शकतं.

मुलगा एव्हाना अधीर झालेला. "काका, आकडा बघा ना."

खोलीतला दिवा बंद केला, खिडकीचं एक दार लोटलं, आणि टॉर्च तबकडीला जवळजवळ टेकवून आडवा धरला. सरळ वरून प्रकाश टाकला तर विनाइल नुसतं चमकतं, अक्षरं बुडतात. आडव्या प्रकाशात ती सावली टाकतात. आधी पहिली बाजू: एक्सईएक्स ६०५-२. नऊच्या जागी २. तीनच्या जागी 'एमएच', म्हणजे ४७.

"दोन?" मुलाचा आवाज पडला.

म्हटलं, थांब, हे ठीक आहे. पहिल्या बाजूला दोनच असायला हवा. अकरावा रीमिक्स असलेल्या रेकॉर्डवरही पहिल्या बाजूला ६०५-२च असतो. डॅशनंतरचा आकडा कितवी लॅकर ते सांगतो, कितवी आवृत्ती ते नाही. लॅकर कापली, काही चुकलं, टाकून दिली, तरी आकडा पुढे सरकलेला असतो. ज्यांना हे ठाऊक नसतं ते दोन्ही बाजूंना एक शोधत बसतात आणि हातातली खरी वस्तू ठेवून देतात.

मग तबकडी उलटली. लेबल सरळ धरलं तर डाव्या हाताला, स्पष्ट, एकटा, ठसठशीत: १. मुलाने बोट ठेवलं. "हा बघा."

मी तबकडी हळूहळू फिरवली. लेबल वाकडं झालं, आणि एक्सईएक्स माझ्या समोर आलं. ६०६. डॅश. त्यापुढचा आकडा एका बारीक ओरखड्याखाली होता. भिंग लावलं. वरची गोलाई, मग खाली तिरकी रेघ, मग तळाची आडवी. दोन.

त्याने पाहिलेला एक नऊच्या जागचा होता. मदरचा. दुसऱ्या लॅकरची पहिली मदर. उजवीकडे तीनच्या जागी 'जीपी', म्हणजे १६.

इतका वेळ मुलाच्या आजी दारात उभ्या राहून आमचा खेळ बघत होत्या. "काय निघालं?" त्यांनी विचारलं. मुलगा काहीच बोलला नाही. मी म्हटलं, "आजी, रेकॉर्ड अस्सल आहे. फक्त थोडी उशिराची आहे."

हे मी ज्या आधाराने म्हटलं तो सांगतो, कारण मला तरी या प्रकरणातला सगळ्यात चविष्ट भाग तोच वाटतो. पहिल्या बाजूचा स्टॅम्पर ४७वा, दुसरीचा १६वा. एकाच तबकडीच्या दोन बाजूंत एवढं अंतर का? सरळ अर्थ असा लागतो की पहिल्या बाजूची लॅकर पहिल्यापासून तीच चालू राहिली, तिचे साचे झिजत गेले, नवे निघत गेले, मोजणी चाळिशीपार गेली. दुसऱ्या बाजूची लॅकर मात्र मधेच बदलली आणि तिची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. म्हणजे 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या त्या बदललेल्या निर्णयाची जखम दोन बाजूंच्या आकड्यांतल्या तफावतीत दिसते. अर्थात हा तर्क आहे, कबुलीजबाब नाही. स्टॅम्पर क्रमानेच वापरले जात असं नाही, दोन लॅकर एकाच वेळी चालू असू शकतात. एका रेकॉर्डवरून मी यापुढे जाणार नाही. पण अशा पाच-पन्नास प्रतींचे आकडे शेजारी मांडले तर कारखान्यातल्या त्या आठवड्यांचं चित्र उभं राहू शकतं, असं मला वाटतं.

मुलाची आशा अजून पुरती मेली नव्हती. "पण ओरखडा आहे ना? तो एकच असेल कशावरून नाही?"

रास्त प्रश्न. डोळ्याने वाचलेल्यावर कानाची सही घ्यायलाच हवी. रेकॉर्ड माझ्या घरी आणली, पाण्याने धुतली, वाळवली, मोनोची सुई लावली. अकरावा रीमिक्स ऐकायला आता दुर्मीळ तबकडी लागत नाही. २०२२मध्ये रिव्हॉल्व्हरचा जो मोठा संच निघाला त्यात तो अधिकृतपणे दिलाय. आधी तो ऐकवला, मग ही रेकॉर्ड. दोन्हींत टेपच्या तुकड्यांचे आवाज वेगवेगळ्या जोराने वर येतात, पण तेवढ्यावरून ठरवणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जड. शेवट सोपा. गाणं विरत जाताना मागे पियानो उमटतो, आणि अकराव्या रीमिक्समध्ये तो जास्त वेळ ऐकू येत राहतो. मुलाने मोबाइलवर सेकंद मोजायला घेतले होते, ते मी बंद करायला लावलं. टर्नटेबल जरा जलद-मंद चालत असेल तर सेकंद फसवतात. पियानो मोज म्हटलं.

ट्रंकेतली रेकॉर्ड लवकर विरली. आठवा रीमिक्स. दोनच.

तो थोडा वेळ गप्प बसला, आणि मग त्याने फोनवर एक जाहिरात उघडून दाखवली. कोणीतरी परदेशात रिव्हॉल्व्हर विकायला ठेवली होती, पट्टीचा फोटो, ६०६-१ स्वच्छ दिसतोय, किंमत डोळे पांढरे करणारी. "मग ही तरी खरी आहे ना?"

फोटो मोठा करून आधीची अक्षरं वाचायला सांगितली. वायईएक्स. एक्स नाही, वाय. वायईएक्स म्हणजे स्टीरिओ, आणि स्टीरिओ रिव्हॉल्व्हरच्या सुरुवातीच्या प्रतींवर ६०५-१ आणि ६०६-१ असणं अगदी नेहमीचं आहे. मिक्सची अदलाबदल झाली ती मोनोत. विकणारा लबाड होता की अडाणी, हे फोटोवरून कळत नाही. किंमत दोघंही सारखीच लावतात.

'एक' या आकड्याची ही भुरळ सगळीकडे सारखी लागू करता येत नाही, एवढं त्याला त्या संध्याकाळी समजावलं. बीटल्सच्याच 'रबर सोल'च्या मोनोवर एक्सईएक्स ५७९-१ आणि ५८०-१ असेल तर त्याला भाव येतो, कारण ती लॅकर मोठ्या आवाजात कापलेली होती आणि लवकरच बदलली गेली. संग्राहक तिला 'लाउड कट' म्हणतात. उलट त्यांच्याच 'प्लीज प्लीज मी'च्या मोनोवर ४२१-१एन आणि ४२२-१एन हे आकडे पहिल्या काळ्या-सोनेरी लेबलवरही आहेत आणि नंतरच्या काळ्या-पिवळ्यावरही. लॅकर बदललीच नाही. तिथे मॅट्रिक्स क्रमांक घेऊन बसलात तर फसलात. तिथे लेबलचा सोनेरी रंगच साक्षीदार. प्रत्येक रेकॉर्डचा खटला वेगळा.

त्याला आणखी एक सवय लागावी अशी माझी इच्छा होती, म्हणून ट्रंकेतली डमडमची एक बीटल्सची एलपी काढून तिची पट्टी दाखवली. तिथेही एक्सईएक्स. तो चक्रावला. ग्रामोफोन कंपनीचा भारतातला पहिला कारखाना १९०८चा, सियालदाचा, आणि डमडमचा १९२८चा. डमडमला बीटल्सच्या रेकॉर्ड निघायच्या त्या इंग्लंडहून आलेल्या धातूवरून, त्यामुळे क्रमांक तिकडचेच. म्हणून मॅट्रिक्स वाचून 'ही इंग्लंडची' असं कधी म्हणायचं नाही. मॅट्रिक्स सांगतं की चर कोणत्या लॅकरवर कापला गेला. विनाइल कुठल्या देशात दाबलं गेलं ते लेबल सांगतं.

आता राहिला तो पहिल्या दिवसाच्या रांगेचा किस्सा. दुसरी लॅकर म्हणजे पहिल्या दिवशी घेतलेली नाहीच, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. बदल नेमका कधी दुकानांपर्यंत पोचला ते पट्टीवर लिहिलेलं नसतं. मी मुलाला तसं सांगितलं. आजोबा रांगेत उभे राहिलेले असू शकतात, म्हटलं.

रेकॉर्ड परत द्यायला गेलो तेव्हा हेच आजींना सांगत होतो. त्या वाटाणे सोलत होत्या.

"कधी आली म्हणालास ती बाजारात?"

"पाच ऑगस्टला. सासष्ट साली."

"मग कुठली रांग? भाऊजी गेले त्या साली गणपती झाल्यावर. विसर्जन करून निघाले, पाटसुद्धा तसाच होता कोनाड्यात. ऑगस्टच्या पाच तारखेला ते इथे होते, या घरात."

मुलगा हसायला लागला. इतकी वर्षं प्रत्येक दिवाळीला ऐकलेला किस्सा, आणि कोणी कधी तारीख विचारली नव्हती.

मग मी रेकॉर्डसाठी नोंदीची चिठ्ठी लिहायला घेतली. माझ्या संग्रहात प्रत्येक कव्हरमध्ये अशी चिठ्ठी असते. पीएमसी ७००९, मोनो, इंग्लंड. एक्सईएक्स ६०५-२, मदर २, स्टॅम्पर ४७. एक्सईएक्स ६०६-२, मदर १, स्टॅम्पर १६. आठवा रीमिक्स, ऐकून खात्री केली. साल: १९६६ ते ६९. चिठ्ठी आत सरकवताना आतला कागदी खिसा बाहेर आला, कडेने फाटलेला, आणि त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने, पुसट, इंग्रजीत: लीड्स, ऑक्टो. ६६.

असल्या पेन्सिलीवर माझा विश्वास नसतो. कोणीही, कधीही लिहू शकतं. खिसा आजींसमोर धरला. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा वर केला आणि कागद उजेडाकडे नेला.

"भाऊजींचंच. सहाची शेपटी बघ कशी आत वळलीय. वाण्याच्या यादीतसुद्धा असाच सहा काढायचे, वाणी शून्य समजून द्यायचाच नाही."

चिठ्ठीवरचं 'ते ६९' मी खोडलं.